कुंकवाला कुंकू चिकटत नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

सुनेने ही वही दिली. माझ्या नातीच्या, सकूच्या शाळेची आहे. पुढची पानं बेरजांनी भरलीत, मागची कोरी. म्हणाली, "आत्या, काकीला जे जे बोलावंसं वाटतं ते हिच्यात लिहा. गिरणीत बोलू नका."

काकी म्हणजे माझी धाकटी जाऊ, नवशी. मी तिसरी शिकले. चौथीत बसायच्या आधी लग्नात बसवलं. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं येतं, पण नवशीबद्दल लिहायला सुंदर अक्षर लागत नाही.

पाड्यातल्या बायकांच्या बचत गटाला दिवाळीआधी गिरणी मिळाली. ती बसवली आमच्या आणि नवशीच्या घरामधल्या पडवीत, कारण तिथे वीज जवळ. बाकीच्या बायका भात झोडण्यात. म्हणून गिरणी चालवणार तिघी: मी, नवशी आणि माझी सून ममता. नागली दळायची, पिशव्या भरायच्या, नाशिकच्या एक मॅडम घेऊन जाणार. शहरात तिला नाचणी म्हणतात आणि आता औषध म्हणून खातात म्हणे. आम्ही खायचो तेव्हा तिचं नाव गरिबी होतं.

आज मॅडम पहिलं पीठ बघायला आल्या. पर्समधून पेनाएवढं चुंबक काढलं, पिठात फिरवलं, वर उचललं. त्याला काळी दाढी फुटली होती. गिरणीच्या दगडाला छिन्नीने टाके घालावे लागतात, त्या छिन्नीचा चुरा पिठात उतरतो. मॅडम म्हणाल्या, "लोखंड पोटात जाऊन चालणार नाही. मी बावीस तारखेला परत येते. पीठ साफ असलं तर वर्षभराचं काम तुमचं. नसलं तर दुसरा गट बघते."

गोड बोलल्या. गोड बोलून गळा कापायला शाळा शिकावी लागते.

हरेश, माझा मुलगा, कोपऱ्यात ऐकत उभा होता. दरवर्षी दिवाळी झाली की तो बायको-पोरीला घेऊन वीटभट्टीवर जातो, पाऊस आला की परत. सकूची शाळा तेवढी पावसाळ्यात होते. यंदा ममता म्हणाली, मी येत नाही, गिरणी आहे. हरेश म्हणाला, "मतं पडली की गाडी येणार. तीही बावीसलाच. काम मिळालं तर राहा. नाही मिळालं तर चढ."

मला काय. ती राहिली तर पाणी भरायला माणूस आहे. तेवढंच.

६ नोव्हेंबर, बुधवार

वही दिली म्हणून तोंड शिवलं नाही माझं. पण नवशीशी मी बोलत नाहीच, मग गिरणीत काय बोलणार. मी ममताशी बोलते. आज असं झालं:

मी म्हटलं, "ममता, तुझ्या काकीला सांग, नागली ओली आहे, अजून एक ऊन दाखव."

नवशी हात पुढे केला तर लागेल इतकी जवळ होती. ती म्हणाली, "ममता, तुझ्या आत्याला सांग, डोळे आले असतील तर पुसून बघ. कोरडी आहे."

ममता मला म्हणाली, "काकी म्हणतात, तुम्ही म्हणता तर बघते." नवशीला म्हणाली, "आत्या म्हणतात, तुम्हाला जास्त कळतं." दोघींना ऐकू गेलं. नागली दळली गेली.

भांडण कशावरून, ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या नवशी वेगळंच सांगेल. माझ्या नवऱ्याच्या बाराव्याला सगळा पाडा जेवायला बसलेला. नवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "डाळ पातळ झाली." डाळ पातळ होती. पण म्हणायचं काय कारण होतं? तेव्हापासून बोलत नाही. ती पण बोलत नाही. सुरुवात कोणी केली ते मला माहीत आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ममताबरोबर खोडाळ्याच्या बाजारात गेले. भंगारवाल्या रघ्याकडे प्रचाराच्या गाड्यांवरचे फुटके स्पीकर येऊन पडलेत. इतके ओरडले की फाटले बिचारे. त्यांच्या आत चुंबकाचं कडं असतं, काळं, भाकरीएवढं नाही, पुरीएवढं, मधे भोक. दोन कडी घेतली. रघ्या म्हणाला, "मावशी, एक एका पुढाऱ्याच्या गाडीचं, एक दुसऱ्याच्या. जपून न्या, वाटेत भांडतील."

घरी येऊन ममताने दोन्ही मुसळावर ओवली. खालचं खाली बसलं. वरचं बसेचना. हवेत तरंगत राहिलं. दाबलं की खाली जातं, सोडलं की उडी मारून वर. मी म्हटलं, रघ्या खरं बोलला. मग ममताने वरचं उलटं करून ओवलं तर खटकन बसलं, सुटेना. पुढारीच ते. तोंड फिरवलं की युती.

ममता दहावी पास आहे. तिने एक कडं सुतळीने उभं टांगलं. ते हललं, डुललं आणि एक तोंड सुरगाण्याच्या अंगाला करून थांबलं. दुसरं टांगलं, तेही तसंच. सुरगाणा नवशीचं माहेर. जगात चुंबकाला बघायला दुसरं गाव मिळालं नाही.

"सुरगाणा नव्हे, आत्या, उत्तर दिशा. धरती पण मोठं चुंबकच आहे." तिने उत्तरेकडच्या तोंडाला कुंकवाचं बोट लावलं, मागच्या तोंडाला हळदीचं. आणि मग खेळ दाखवला. कुंकवाला कुंकू चिकटत नाही. हळदीला हळद चिकटत नाही. हळद-कुंकू समोर आलं की खटकन एक.

मी विचारलं, का?

"त्यातून जोर निघतो. कुंकवाच्या तोंडातून बाहेर पडतो, वळसा घालून हळदीच्या तोंडातून आत जातो. समोर हळद असली तर जोराला आत शिरायला वाट मिळते, मग दोघं ओढले जातात. समोर पण कुंकूच असलं तर दोन्हीकडून जोर बाहेर येतोय, आत घेणारं कोणी नाही. मग ढकलाढकली."

म्हणजे दोघंही बोलणारे, ऐकणारं कोणी नाही. ग्रामसभा. एवढं कळायला दहावी कशाला पाहिजे.

"मग खिळा दोन्ही तोंडांना कसा चिकटतो?"

"लोखंडाला स्वतःचं ठरलेलं तोंड नसतं, आत्या. कुंकू जवळ आलं की ते त्याच्या बाजूला हळद होतं. हळद जवळ आली की कुंकू होतं. म्हणून कोणालाही चिकटतं."

असली माणसं सध्या पाड्यात रोज येतात, हात जोडून, गळ्यात पट्टा घालून. एवढं बोलून ममता उठली आणि मला म्हणाली, "भाकऱ्या तुमच्यासारख्या कोणाला जमत नाहीत, तुम्ही टाका." मग पलीकडे नवशीला काहीतरी म्हणाली आणि तिकडूनही भाकरी थापल्याचा आवाज आला. आमची भिंत कुडाची आहे, सगळं ऐकू येतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

नवशीने चुंबकं मारली.

आमच्या सासूची रीत होती. बाहेरून आलेलं जुनं लोखंड घरात वापरण्याआधी विस्तवातून काढायचं. कोणाच्या घरचं, कोणाच्या मरणाचं, काय ठाऊक. विळा असो, कुऱ्हाड असो, आधी निखाऱ्यात, मग हातात. काल संध्याकाळी ममता पाण्याला गेलेली. नवशीने दोन्ही कडी उचलली आणि माझ्या चुलीत घातली. माझ्या, कारण तिची विझली होती. मी काही केलं नाही. फक्त फुंकणीने फुंकलं. निखारा लाल नसला तर रीत लागू होत नाही, अर्धी रीत म्हणजे न केलेली.

सकाळी राखेतून काढून पुसली. टाचणी लावली, पडली. खिळा लावला, पडला. कुंकवाला कुंकू लावलं तर आता भांडेनात. दोन दगड शेजारी शेजारी.

ममता खालीच बसली. मग म्हणाली, "चुंबकाच्या आत बारीक बारीक चुंबकं असतात, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. म्हणून जोर येतो. फार तापलं की ती पाहिजे तशी फिरतात. कोणाचं कोणाला मिळत नाही. थंड झालं तरी परत रांगेत येत नाहीत."

मी म्हटलं, "तुझ्या काकीला विचार, रीत कोणी काढली."

नवशी म्हणाली, "तुझ्या आत्याला विचार, फुंकलं कोणी."

ममताने कोणाचाच निरोप कोणाला दिला नाही. पहिल्यांदा. मडकं घेऊन पाण्याला गेली. मडकं भरलेलं होतं.

१० नोव्हेंबर, रविवार

काही झालं नाही. ममता दिवसभर बोलली नाही. नवशी शेळीशी बोलत होती. शेळी चांगली उत्तरं देते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

हरेश परत रघ्याकडे गेला. दोन कडी आणली, तिसरं टवका उडालेलं फुकट मिळालं. हरेशने ती ममताच्या हातात दिली आणि म्हणाला, "चुलीत घालू नका." मी त्याची आई आहे हे विसरला असेल.

ममताने परत कुंकू-हळद लावली. मला एक डोकं सुचलं. सगळा त्रास आहे तो एकाच तोंडाचा. टवका उडालेल्या कड्याचं भांडखोर तोंड फोडून टाकलं तर उरेल ते गरीब, कोणालाही चिकटणारं. म्हणून अंगणात दगडावर ठेवून वरवंटा घातला. उभे दोन तुकडे नाही झाले, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे चपटे झाले, कुंकवाची बाजू एक, हळदीची एक. मला पाहिजे तेच. नुसत्या कुंकवाच्या तुकड्याला मागून दुसरं कडं लावलं.

त्याला मागे नवीन तोंड आलेलं. हळदीचं. आणि हळदीच्या तुकड्याला कुंकवाचं.

ममता म्हणाली, "कितीही तोडा, प्रत्येक तुकड्याला दोन्ही तोंडं येणार. एका तोंडाचं चुंबक कोणी बघितलेलं नाही."

म्हणजे एक भांडखोर फोडला आणि दोन झाले. आमच्या घराचं पण असंच झालं. सासू होती तोवर एक चूल होती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पीठ ज्या कापडी बाहीतून डब्यात पडतं, तिच्या तोंडात ममताने दोन्ही कडी टांगली. हळद-कुंकू लावून, खटकन जोडून. वर प्लास्टिक गुंडाळलं, म्हणजे ते काढून झटकलं की चुरा पडतो. पाच पायली दळलं. चुंबकावर खिळ्याचं टोक, एक टाचणी आणि चुरा आला, पण सगळा वरच्या आणि खालच्या तोंडाला. मधल्या अंगावरून पीठ चुकवून पळतंय. मी फोडलेला तुकडा पिठात फिरवून बघितला. दाढी नाही. मिसरूड आहे.

नवशी ममताला म्हणाली, "तुझ्या आत्याला सांग, मॅडम मिसरूड घेणार नाहीत."

मी म्हटलं, "तिला सांग, तिच्या तोंडावर आहे त्यापेक्षा कमी आहे."

ममता हसली नाही. एरवी हसते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ममताने बोचकं बांधलं. ताट, वाटी, घोंगडी, सकूचे दोन फ्रॉक बाजूला. उद्या मत देऊन ती सकूला घेऊन माहेरी वांगणीला जाणार. सकू यंदा भट्टीवर जाणार नाही. वांगणीला आजीकडे राहील, तिथल्या शाळेत बसेल. बावीसला ममता तिकडून परत येऊन गाडीत चढणार. पीठ साफ होणार नाही हे तिने ठरवूनच टाकलंय.

मी म्हटलं, "आजी इथे पण आहे. मेलेली नाही. शाळा पण आहे."

ती बोचक्याची गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "इथे ठेवली तर मी नसताना तुम्ही आणि काकी दिवसभर तिच्या हातून निरोप पाठवाल, आत्या. लहान आहे ती."

याचा अर्थ काय, कोण जाणे. निरोप सांगायला काय वजन लागतं? दहावी शिकलेली माणसं असं अर्धवट बोलतात.

उद्या जायचं म्हणून सकूने आजच माझ्या कमरेला मिठी घातली. मी म्हटलं, सोड, भाकरी करपतेय. चूल पेटवलेली नव्हती ते मागून लक्षात आलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी गिरणीत गेले तर नवशी आधीच. दोघीच. गिरणी सुरू करायची तर एकीने बटण दाबायचं, दुसरीने नागली सोडायची, आणि "आता सोड" असं सांगायला माणूस वांगणीला.

मी गिरणीला सांगितलं, "नागली सोडायला कोणी असेल तर सोडावी." नवशीने पडवीतल्या शेळीला सांगितलं, "बटण दाबलं की सोडतात, आधी नाही, एवढं कळायला पाहिजे म्हाताऱ्या माणसाला." असा अर्धा दिवस गेला. पीठ मिसरुडाचंच.

मग नवशीने बाही सोडून कडी खाली काढली. पायाने एक धरून दुसरं ओढून वेगळं केलं, आणि परत जोडायला घेतली ती कुंकवाला कुंकू लावून. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, उलटं धरलंयस."

शेळीला नाही, गिरणीला नाही. तिलाच.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सुलटं लावून काय दिवे लागले? तोंडं चिकटून बसतात आणि अंगावरून सगळं जातं. भांडू देत की. भांडणाऱ्याचं लक्ष सगळीकडे असतं."

हे शहाणपण नव्हे, हट्ट. पण सुलटं लावून दिवे लागले नव्हते, हे खरं.

भांडणारी कडी धरवेनात. निसटतात, बोट चिमटतात. नवशीने इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीत खोचलेला सासूचा मोडका विळा ओढला. त्याच्या पात्याचा रुंद तुकडा, भोक पडलेला, गंजलेला. दोघांच्या मधे घातला. बांबूची खुंटी तिघांच्या भोकातून काढली. आता वरून दाबायचं आणि सुंभाने आवळायचं. एकीला जमेना.

"धर," ती म्हणाली.

"धरलंय. तू बांध."

"गुडघा दे वर. जावबाई, गुडघा."

"देते. ओढ जोरात, पुरणपोळी लाटतेयस का."

घाम फुटला. पण एकदा विळा मधे गच्च बसला तसं ते ढकलणं कमी वाटायला लागलं. का, ते विचारायला ममता नव्हती. वर प्लास्टिक बांधून बाहीत टांगलं आणि दळलं. प्लास्टिक उघडलं तर विळ्याच्या कडेकडेने काळा कंगोरा, दाट, रानडुकराच्या केसांसारखा. नेमका मधे, जिथून आधी पीठ पळायचं.

फोडलेल्या चुंबकाचा तुकडा पिठात फिरवला. नवशीने उजेडात धरला, मग मी धरला. नुकती हजामत केलेला गाल.

नवशी म्हणाली, "सासूचा विळा आहे. मेल्यावर पण धाक आहे."

मी म्हटलं, "विस्तवातून काढलेला होता." दोघी हसलो असू. शेळीने बघितलं असेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडम आल्या. पेन फिरवलं, वर केलं. परत फिरवलं. चष्मा लावून बघितलं. "छान," म्हणाल्या. काम मिळालं. एवढ्यासाठी मी रात्रभर झोपले नव्हते असं कोणाला वाटेल, पण ते ढेकूण होते.

त्या गेल्या आणि फाट्यावर भट्टीची गाडी येऊन उभी राहिली. हरेशने दोन्ही बोचकी आधीच चढवून ठेवलेली. पोराला आईच्या हातावर एवढा भरवसा. तेवढ्यात वांगणीकडून जीप आली, तिच्यातून ममता उतरली, एकटीच, आणि सरळ गाडीकडे चालायला लागली. मी हाक मारली. नवशीने पण मारली. दोघींनी एकदम मारली म्हणून ती घाबरली, कोणी मेलं की काय.

पडवीत येऊन तिने ते बांधलेलं सोंग हातात घेऊन फिरवून बघितलं. मी म्हटलं, "काकीने उलटं लावलं, तरी पकडतंय. बोल आता, तुझी दहावी काय म्हणते?"

ती म्हणाली, "कुंकवाला कुंकू समोरासमोर दाबलं की दोन्हीकडून जोर येतो आणि जायला वाट नसते. मधे लोखंड ठेवलं तर सगळा जोर त्याच्यात शिरतो आणि कडेने बाहेर फुटतो. म्हणून पकड तिथे जास्त. ढकलणं पण त्यानेच कमी झालं."

"म्हणजे दोघांचा भार मधल्यावर?" नवशीने विचारलं.

"हो, काकी," ममता म्हणाली. "मधल्यावर." आणि विळ्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. एवढं काय होतं त्याच्यात, गंजलेलं पातं. मग तिने विचारलं, "बांधताना दाबून कोणी धरलं आणि एकीचं दुसरीला सांगितलं कोणी?"

आम्ही दोघी नागलीच्या पोत्याकडे बघत राहिलो. पोतं नीट होतं.

हरेशने तिचं बोचकं गाडीतून खाली टाकलं. टाकलं म्हणजे ठेवलं, पण तो माझा मुलगा आहे, ठेवतानाही टाकल्यासारखं ठेवतो. बायकोला काहीतरी म्हणाला. ती मान खाली घालून हसली. गाडी गेली. त्याच्यासाठी मी भाकरी बांधून दिलेली, ती घेतली का बघायचं राहिलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

ममता सकूला घेऊन आली. पोरीने आल्या आल्या विचारलं, "आजी, भाकरी करपली का?" कोणावर गेलीय, कळत नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, "ममता, तुझ्या काकीला सांग, उद्या दळण जास्त आहे, लवकर ये."

ममता चुलीपुढे बसलेली. उठली नाही. म्हणाली, "तुम्हीच सांगा."

मी सकूकडे बघितलं. ममताने माझ्याकडे बघितलं. मी सकूला काही सांगितलं नाही.

बाहेर गेले. नवशी शेळी बांधत होती. म्हटलं, "उद्या लवकर ये."

"लवकर आले तर जेवू कधी?"

"इथेच जेव."

तिने दावं आवळलं, गाठ बघितली, सोडून परत बांधली. म्हणाली, "डाळ घट्ट कर मग."

सकाळसाठी उडीद भिजत घातलेत. डाळ करणार आहे. पातळच करणार.